सातारा व सांगली जिल्ह्यांतील व्हॉल्व्ह रेडिओ : ध्वनिदोष व त्यांचे निवारण

व्हॉल्व्ह रेडिओ म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नलिकांच्या साहाय्याने रेडिओ संकेतांचे ग्रहण व प्रवर्धन करणारा संच होय. निर्वात नलिकेस बोलीभाषेत व्हॉल्व्ह असे म्हणतात. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत असे अनेक संच घरांतून, वाड्यांतून व संग्राहकांकडे जतन केलेले आढळतात. दीर्घकाळ बंद राहिलेला संच पुन्हा सुरू केल्यावर बहुधा आवाज क्षीण, फाटका, खरखरीत किंवा घरघरयुक्त येतो. या दोषांचे खापर सामान्यतः व्हॉल्व्हवर फोडले जाते. प्रत्यक्षात कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, मूल्य बदललेले रोधक आणि गंजलेले स्पर्शबिंदू ही त्यांची अधिक नेहमीची कारणे आहेत. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे न ठरवता भाग बदलत गेल्यास किंवा संच तसाच चालू ठेवल्यास रोहित्रासारखे दुर्मीळ भाग जळून संचाचे कायमचे नुकसान होऊ शकते.

पार्श्वभूमी

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुणे केंद्राची स्थापना १९५३ साली झाली. पूर्वीच्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले होते. १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोते एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाले. गावाने एकत्र ऐकण्याच्या या पद्धतीत संचाचा आवाज स्पष्ट असणे ही चैन नव्हती, तर कार्यक्रमाच्या उपयुक्ततेची ती पूर्वअट होती.

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. मध्यम लहरींवरील १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे २४० मीटर, ही या केंद्राची परिचित कंप्रता होय. त्या काळातील संचांमध्ये ठाणे येथील मर्फी, मुंबईतील नॅशनल एको तसेच फिलिप्स, बुश, जी.ई.सी. इत्यादी नाममुद्रांचा समावेश होता. १९६० च्या दशकात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने बनविलेले व्हॉल्व्हही बाजारात उपलब्ध झाले. ट्रान्झिस्टर संच स्वस्त झाल्यावर व्हॉल्व्ह रेडिओ मागे पडला. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून घ्यावा लागणारा परवाना १९८० च्या दशकात रद्द झाला. जुन्या परवान्यांची पुस्तके आजही काही संचांसोबत जपलेली दिसतात.

संचाची रचना

वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या नेहमीच्या सुपरहेटरोडाइन संचात पाच टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात आलेल्या संकेताची कंप्रता बदलून ती ठरावीक मध्यंतर कंप्रतेवर, बहुधा ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणली जाते. दुसऱ्या टप्प्यात तिचे प्रवर्धन होते. तिसऱ्यात संकेतापासून ध्वनी वेगळा केला जातो व त्याचे प्राथमिक प्रवर्धन होते. चौथा टप्पा आउटपुट व्हॉल्व्हचा असून तो रोहित्रामार्फत स्पीकर चालवितो. पाचवा टप्पा प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील अनेक संचांत ही कामे अनुक्रमे ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८० हे व्हॉल्व्ह करतात.

व्हॉल्व्हच्या नावातील पहिले अक्षर महत्त्वाचे असते. 'ई' मालिकेचा तापक तंतू ६.३ व्होल्टवर चालतो. 'यू' मालिकेतील तंतू एकामागून एक जोडलेले असून त्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. 'डी' मालिका बॅटरीवरील संचांसाठी असून तिचा तंतू सुमारे १.४ व्होल्टवर चालतो. वीज न पोचलेल्या गावांत डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ व डीएल ९६ यांसारख्या व्हॉल्व्हचे बॅटरी संच वापरले जात.

सुरक्षितता

व्हॉल्व्ह रेडिओत २०० ते ३०० व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि संच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतो. त्यामुळे काम करण्यापूर्वी प्लग काढून, काही हजार ओहमच्या रोधकातून कंडेन्सर रिकामे करणे व मल्टीमीटरने खात्री करून घेणे आवश्यक असते.

'यू' मालिकेच्या ए.सी./डी.सी. संचांत अलग करणारे रोहित्र नसते. त्यांची चासी, म्हणजे आतील धातूची बैठक, थेट वीजवाहिनीच्या एका तारेस जोडलेली असते. प्लग उलटा बसल्यास संपूर्ण चासी जिवंत होते आणि बटणाचा स्क्रू हाताला लागला तरी प्राणघातक धक्का बसू शकतो. अशा संचाची तपासणी पृथक्कारी रोहित्राशिवाय केली जात नाही, तसेच त्यास मोबाइल किंवा इतर उपकरण जोडले जात नाही.

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट २३० व्होल्टवर लावणे हे नुकसानीचे सर्वांत सामान्य कारण आहे. दुरुस्तीकार प्रथम सिरीज बोर्ड वापरतात. त्यात ६० किंवा १०० वॅटचा तंतूचा दिवा संचाशी एकसरीत जोडलेला असतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर प्राथमिक स्थिती ठीक समजतात; तो प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे असे मानून संच ताबडतोब बंद करतात. या कामासाठी एल.ई.डी. दिवा उपयोगाचा नसतो.

दोष संचात की ग्रहणात

चासी उघडण्यापूर्वी दोष खरोखर संचातच आहे याची खात्री केली जाते. एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि शेतपंपांचे स्टार्टर यांमुळे मध्यम लहरींवर तीव्र खरखर होते. त्याच जागी बॅटरीवरचा लहान ट्रान्झिस्टर लावून पाहिल्यास त्यातही तीच खरखर आली, तर तिचा उगम बाहेर आहे असे ठरते. एरिअल व अर्थची तार काढल्यावर खरखर जवळजवळ थांबली, तरीही हाच निष्कर्ष निघतो.

रात्री दूरच्या केंद्राचा आवाज काही सेकंद किंवा मिनिटांच्या अंतराने चढतो, उतरतो व फाटतो. जमिनीलगत आलेल्या व आयनांबरावरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळल्याने हे घडते. तो संचाचा दोष नव्हे. साताऱ्याचे आकाशवाणी केंद्र एफ.एम. पट्ट्यावर असल्याने केवळ मध्यम व लघुलहरींच्या जुन्या संचावर ते लागत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

याउलट, जवळचे प्रबळ केंद्र फाटके आणि दूरचे केंद्र स्वच्छ ऐकू येत असेल, तर स्वयंचलित आवाज नियंत्रणाच्या मंडलात बिघाड असण्याची शक्यता मोठी असते. सांगली-मिरज परिसरात स्थानिक मध्यम लहरींच्या प्रबळ संकेतामुळे हा दोष ठळकपणे जाणवतो. या मंडलातील ०.०५ ते ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर गळका झाला की नियंत्रक ऋण दाब कमी पडतो आणि आधीचे टप्पे अतिभारित होतात.

दोषाचे स्थान ठरविणे

व्हॉल्यूमचे बटण हे निदानाचे पहिले साधन आहे. ते पूर्ण कमी केल्यावरही दोष कायम राहिल्यास तो वीजपुरवठा, आउटपुट टप्पा किंवा स्पीकर यांत असतो. दोष नाहीसा झाल्यास तो त्यापूर्वीच्या भागात शोधावा लागतो.

दुसरे साधन म्हणजे अनेक संचांच्या पाठीमागे असलेली ग्रामोफोन पिकअपची जोडणी. रोहित्र असलेल्या संचात तेथे बाहेरून ध्वनिसंकेत दिल्यावर आवाज स्वच्छ आला, तर ध्वनिप्रवर्धक निर्दोष असून बिघाड कंप्रताबदल, मध्यंतर कंप्रता किंवा ध्वनिशोधन यांच्या टप्प्यात आहे असे समजते. तेथेही आवाज फाटका असेल, तर पुढचे दोनच टप्पे तपासावे लागतात. या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

प्रमुख दोष व कारणे

घूं घूं असा सततचा आवाज

या दोषास दुरुस्तीकार 'हम' म्हणतात. एकदिश वीज गाळणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकल्याने तो उद्भवतो. पूर्णलहरी एकदिशीकरण करणाऱ्या संचात हमची कंप्रता १०० हर्ट्झ, तर अर्धलहरी एकदिशीकरणात ५० हर्ट्झ असते. पूर्णलहरी संचात ५० हर्ट्झचा खोल हम येत असेल, तर एखाद्या व्हॉल्व्हच्या तंतू व कॅथोड यांमध्ये गळती असण्याचा संशय घेतला जातो.

नवा कंडेन्सर ४५० व्होल्ट क्षमतेचा व मूळ मूल्याच्या जवळचा घेतात. एकदिशीकारक व्हॉल्व्हलगतचा पहिला कंडेन्सर फार मोठा घातल्यास त्या व्हॉल्व्हवर ताण येतो. ईझेड ८० साठी ५० मायक्रोफॅरड ही मर्यादा आहे. गाळणी फारच क्षीण झाली तर हमसोबत मोटारबोटीसारखी फटफटही ऐकू येते. केवळ केंद्र लागल्यावरच येणारा हम वेगळ्या प्रकारचा असून त्याचे कारण वीजवाहिनीलगतचा लहान कंडेन्सर असते. तो बदलताना वीजवाहिनीसाठी प्रमाणित असलेला सुरक्षा वर्गाचाच कंडेन्सर लावावा लागतो.

फाटका व चिरका आवाज

ध्वनिप्रवर्धकाची प्लेट व आउटपुट व्हॉल्व्हचे ग्रीड यांना जोडणारा कागदी कंडेन्सर हे या दोषाचे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. त्याचे मूल्य बहुधा ०.०१ ते ०.०२ मायक्रोफॅरड असते. ध्वनिसंकेत पुढे जाऊ देणे आणि प्लेटवरील एकदिश दाब अडविणे असे त्याचे दुहेरी कार्य होय. मेणाचे आवरण तडकून ओलावा आत शिरला की तो गळू लागतो.

ही गळती किती घातक ठरते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. प्लेटवर १०० व्होल्ट, ग्रीडचा रोधक १ मेगओहम आणि कंडेन्सरचा गळतीरोध १९ मेगओहम असेल, तर ग्रीडवर ५ व्होल्टचा धन दाब येतो. ईएल ८४ साठी २५० व्होल्टवर आवश्यक असलेला ऋण बायस सुमारे ७.३ व्होल्टच असतो. परिणामी व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्ह तापतो आणि अखेरीस आउटपुट रोहित्राची बारीक तार जळते. १९ मेगओहम हा आकडा साध्या मल्टीमीटरवर जवळजवळ निर्दोष भासतो. म्हणून कंडेन्सर सुटा न मोजता चालू संचात ग्रीडवरील दाब मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

कॅथोडला रोधक जोडून बायस मिळविणाऱ्या संचात हा दाब चासीच्या तुलनेत शून्य असावा लागतो. तो धन आढळल्यास, 'ई' मालिकेच्या संचात, आउटपुट व्हॉल्व्ह काढून थोडाच वेळ पुन्हा मोजणी करतात. धन दाब कायम राहिला तर कंडेन्सर दोषी. नाहीसा झाला तर व्हॉल्व्ह दोषी. आवाज सुरुवातीस ठीक येऊन अर्ध्या तासाने फाटत असेल, तर या दोहोंपैकीच एक कारण उष्णतेमुळे प्रकट होत असते. जुन्या कंडेन्सरच्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर वापरला जातो.

जुन्या कार्बन रोधकांचे मूल्यही कालांतराने वाढते. प्लेटचा रोधक दुपटीवर गेल्यास आवाज क्षीण व विकृत होतो. ईएल ८४ च्या कॅथोडचा रोधक साधारण १३५ ओहमचा असतो; त्यावरील दाब मोजून प्रवाहाचा हिशेब करता येतो.

क्षीण आवाज

सर्वच केंद्रे क्षीण येत असतील, तर उच्च दाब कमी पडणे, कॅथोडचा कंडेन्सर निकामी होणे किंवा एकदिशीकारक अथवा आउटपुट व्हॉल्व्हचे उत्सर्जन घटणे ही कारणे संभवतात. व्हॉल्व्हच्या काचेच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली असून तो व्हॉल्व्ह निरुपयोगी झाला आहे. काचेच्या आतील पृष्ठभागावरची फिकट निळी झाक मात्र अनेकदा निरुपद्रवी असते. मध्यंतर कंप्रतेच्या रोहित्रांचे गाभे मापनसाधनाविना फिरविल्यास चांगला संचही बिघडतो. ही जुळणी सर्वांत शेवटी केली जाते.

बॅटरी संचात तंतूची बॅटरी उतरत गेली की आवाज आधी क्षीण व नंतर विकृत होतो. अशा संचास अंदाजाने दुसरा वीजपुरवठा जोडल्यास सर्व तंतू एका क्षणात जळू शकतात.

खरखर व मधूनच तुटणारा आवाज

व्हॉल्यूमचे बटण फिरविताना खरखर होत असेल, तर त्याचा कार्बनपट्टा मळलेला किंवा झिजलेला असतो. पट्टा बदलताना खरखर झाल्यास बँड स्विचचे स्पर्शबिंदू, आणि व्हॉल्व्ह लाकडी काडीने हलकेच टोकल्यावर झाल्यास त्याचे सॉकेट संशयित ठरते. संपर्कशोधक द्रव अल्प प्रमाणात वापरून स्पर्शबिंदू स्वच्छ करतात. त्यासाठी सँडपेपर वापरल्यास त्यांवरील मुलामा निघून जातो.

आउटपुट रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्यातील तार अत्यंत बारीक असते. ओलसर हवेत उच्च दाबाखाली तीवर हिरवा गंज चढतो, खरखर सुरू होते व शेवटी तार तुटते. तार तुटल्यावर प्लेटचा पुरवठा बंद पडतो आणि आउटपुट व्हॉल्व्हचे स्क्रीन ग्रीड लालबुंद होते. आवाज अचानक बंद पडून व्हॉल्व्हमध्ये असा प्रकाश दिसल्यास संच तत्काळ बंद करणे हाच उपाय असतो.

स्पीकर व पेटीचे दोष

ठरावीक स्वरांवरच थरथर येत असेल, तर कारण विद्युत नसून यांत्रिक असू शकते. स्पीकरचा कागदी शंकू फाटणे, झुरळांनी वा उंदरांनी तो कुरतडणे, आतील वेटोळे चुंबकास घासणे ही नेहमीची उदाहरणे होत. संच बंद असताना शंकू दोन्ही बाजूंनी समान दाब देऊन हलकेच आत ढकलल्यास घासण्याचा आवाज जाणवतो. लहान फाट पातळ कागद व लवचीक गोंदाने सांधता येते. लाकडी पेटीच्या प्लायवूडचे थर सुटल्यानेही तशीच थरथर निर्माण होते. संच चालू असताना स्पीकरची तार काढणे टाळावे लागते, कारण त्यामुळे आउटपुट रोहित्रात घातक दाब उत्पन्न होतो.

स्थानिक हवामानाचा परिणाम

सातारा व सांगली जिल्ह्यांचा पश्चिम भाग अतिपावसाचा, तर पूर्व भाग अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे एकाच प्रकारच्या संचात दोन भागांत निरनिराळे दोष प्रबळ ठरू शकतात. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळ्याच्या पश्चिम पट्ट्यात ओलाव्यामुळे कागदी कंडेन्सरची गळती, रोहित्राच्या तारेचा गंज आणि शंकूवरील बुरशी यांचा धोका अधिक असतो. माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर लवकर सुकतात आणि धुळीमुळे बटणे व स्विच खरखरतात. तपासून घेतलेला संच पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालविल्यास व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतील ओलावा कमी राहतो.

कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगली परिसरातील असंख्य घरांत पाणी शिरले. पुरात बुडालेला संच बाहेरून कोरडा दिसला तरी रोहित्राच्या थरांत पाणी साठून राहते. असा संच सुरू करून पाहणे धोक्याचे असते. चासीवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन ती काही आठवडे सावलीत सुकविणे, त्यानंतर मेगरने रोहित्रांचे निरोधन तपासणे आणि सर्व कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलणे या क्रमाने काम केले जाते.

जतन व सुटे भाग

पॉलिएस्टर व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तसेच रोधक आजही सहज मिळतात. व्हॉल्व्हसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड व चोरबाजार आणि पुण्यातील जुना बाजार या ठिकाणी शोध घेतला जातो. आउटपुट रोहित्र मात्र बहुधा नव्याने गुंडाळून घ्यावे लागते. म्हणूनच स्वस्त कंडेन्सर वेळीच बदलून महाग व दुर्मीळ भाग वाचविणे हे या दुरुस्तीचे मुख्य सूत्र मानले जाते.

संचाचे ऐतिहासिक मूल्य टिकविण्यासाठी काही संग्राहक जुन्या कंडेन्सरचे कवच पोकळ करून त्यात नवा कंडेन्सर बसवितात. एका वेळी एकच भाग बदलणे, त्याचे मूळ मूल्य व जोडणी लिहून ठेवणे, छायाचित्र घेणे आणि प्रत्येक बदलानंतर दाब पुन्हा मोजणे ही शिस्त पाळल्यास नवा दोष कोठून उद्भवला हे लगेच कळते. बदलाची नोंद पेटीच्या आत ठेवल्यास पुढील दुरुस्तीकारासही तिचा उपयोग होतो.

हे सुद्धा पहा

* निर्वात नलिका
* आकाशवाणी
* सुपरहेटरोडाइन ग्राही
* धारित्र
* रोहित्र